झाडकामासाठी दोरावरचं यंत्र: कोणतं घ्यावं, आणि कधी

प्रश्न असा आला आहे: "मी फोंड्याजवळ राहतो. वडील पाडेली होते, मीही माडावर चढतच मोठा झालो. गेली ४ वर्षं झाडं छाटायची कामं घेतो. हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर आणि कमरपट्टा यांवर आजवर भागलं. आता पर्वरीची एक सोसायटी आणि एक हॉटेल वर्षभराचं काम देतायत, पण त्यांना सगळं सामान नीट हवं. हाताशी ६०,००० रुपये आहेत. झिगझॅग घेऊ, रोप रनर घेऊ, की गाठीवरच चालवू? इंग्लंडातला मावसभाऊ म्हणतो, तिकडे एक वापरलेलं झिगझॅग स्वस्तात मिळतंय. इमारती रंगवणारा एक मित्र त्याचा आय'डी द्यायला तयार आहे. तो झाडावर चालेल का?"

(नव्या वाचकासाठी: झिगझॅग आणि रोप रनर ही झाडावर चढताना दोर धरणारी आणि सोडणारी यंत्रं. गाठीवर चालवणं म्हणजे तेच काम दोरीच्या गाठीकडून करून घेणं. आय'डी हे इमारतीवरून दोराने उतरायचं यंत्र.) बाबा, एवढेच पैसे असतील तर पहिल्या खरेदीत यंत्र घेऊच नकोस. टाळतोय असं समजू नकोस, कारण मी स्वतः यंत्रावर चढतो आणि ते मला आवडतं. पण तुझ्या पत्रात वर कोण चढणार हे आहे, खाली कोण उभा राहणार हे नाही. तू वर बेशुद्ध पडलास, हाताला करवत लागली किंवा गांधीलमाशांनी घेरलं, तर तुला उतरवणाऱ्या माणसाकडे स्वतःचा हार्नेस (अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज) आणि स्वतःचा दोर हवा, आणि दोघंही सारखीच पद्धत शिकलेले हवेत. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाची तब्येत झपाट्याने बिघडते. १०८ ची गाडी येईल, पण ती झाडाखाली येईल. तोवर माणूस जमिनीवर आलेला असायला हवा. म्हणून एकाच्या कमरेला भारी यंत्र लावण्यापेक्षा दोघांना साधा संच घे. दोन्ही ६०,००० त बसत नसतील तर हॉटेलकडे आगाऊ रक्कम माग. 'सगळं नीट हवं' म्हणणाऱ्याने थोडी झळ सोसायला हरकत नाही.

साधा संच म्हणजे काय, हे पटकन सांगतो. हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट. बसता येईल असा झाडकामाचा हार्नेस. बांधकामावर पाठीला कडी असलेला मिळतो तो नव्हे, त्याच्यावर माणूस लटकतो, काम करू शकत नाही. ईएन १८९१ या युरोपीय मानकाच्या 'ए' प्रकारात बसणारा दोर. गाठीसाठी उष्णता सोसणाऱ्या धाग्याच्या, दोन्ही टोकांना डोळे (पक्के फासे) असलेल्या दोन दोऱ्या. एक छोटी कप्पी, आपोआप कुलूप लागणारे कॅरॅबिनर (उघडता येणाऱ्या जोडकड्या), आणि पोलादी गाभ्याचा एक लॅनयार्ड (कमरेपासून खोडाभोवती घालायचा आखूड दोर). दुकानातला नायलॉनचा दोर फांद्या उतरवायलाही वापरू नकोस. विहिरीवर दे.

आता गाठ. पाडेल्याच्या मुलाला गाठीची भीती नसावी, पण ही गाठ खोडाभोवती नसते, तर दोराभोवती असते. दोर फांदीवरून टाकायचा, एक टोक आपल्या हार्नेसला, आणि दुसऱ्या बाजूच्या दोराभोवती पातळ दोरीचे वेढे. वजन पडलं की वेढे आवळतात, वरून दाबले की सुटतात. ही झाली फिरत्या दोराची पद्धत. तुझं वजन दोन पदरांवर वाटलं जातं, म्हणून ओढायला हिशेबाने निम्मा जोर लागतो, पण १ मीटर चढायला २ मीटर दोर ओढावा लागतो. आणि हा हिशेब कागदावरचा. आंब्याच्या खरखरीत सालीवरून दोर घासत असेल तर निम्म्याचं पाऊण होतं, सालही सोलली जाते. तिथे दोन कड्यांचा पट्टा टाकून दोर त्या कड्यांतून फिरवायचा.

गाठींमध्ये सुरुवातीला डिस्टेल शीक. ती विश्वासाने धरते. व्हीटी नावाची गाठ लोण्यासारखी सुटते, म्हणून सगळ्यांना आवडते, पण दर वेळी वजन टाकण्याआधी ती बसली का हे बघावं लागतं, आणि नवा माणूस चौथ्या फांदीनंतर बघायचं विसरतो. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गाठीवर काढ. दोर कसा बोलतो हे हाताला कळतं. यंत्रावर सुरुवात केलेल्या पोरांना ते कळत नाही, मग यंत्र घसरलं की दोष दोराचा, की चिखलाचा, की झिजलेल्या भागाचा, हे त्यांना सांगता येत नाही.

गाठीचे तोटे लपवणार नाही. माझाच किस्सा सांगतो. सत्तरी तालुक्यात एका जुन्या आंब्यावर होतो. हुमल्यांचं (चावऱ्या लाल मुंग्यांचं) घरटं खालून दिसलं नव्हतं. हात लागला, पानांचा गोळा फुटला आणि मानेवर पन्नासेक हुमले उतरले. माणूस अशा वेळी काय करतो? वरचं हाताला येईल ते घट्ट धरतो. माझ्या हाताला आली ती गाठ. गाठ वरून दाबली की सुटते, हे वर लिहिलंय. मी जितकी घट्ट धरली तितका खाली गेलो, ३-४ मीटर, एका फांदीवर आपटेपर्यंत. बरगड्या दुखावल्या, एवढ्यावर सुटलो. दोरीचा आतला भाग काचेसारखा चकचकीत झाला होता. नायलॉन जातीप्रमाणे २२० ते २६० अंशांच्या आसपास वितळतो, पॉलिस्टर २५० च्या पुढे. अ‍ॅरामिड धागा वितळत नाही, फार वर गेल्यावर जळतो, म्हणून गाठीच्या दोरीला तोच हवा. चकचकीत झालेली दोरी त्याच दिवशी कापून टाकायची, 'अजून चालेल' म्हणून ठेवायची नाही.

हे सांगायचं कारण असं, की झिगझॅगसुद्धा याच बाबतीत गाठीचंच भावंड आहे. ती यांत्रिक गाठच आहे: कड्यांची साखळी, वजन आलं की वाकडी होऊन दोर चिमटते, वरचा दांडा दाबला की सरळ होऊन सोडते. घाबरून दांडा धरलास तर ती सोडतच राहणार. तुझ्या मित्राच्या आय'डीमध्ये मात्र दांडा जास्त ओढला तर थांबायची सोय आहे. म्हणून 'यंत्र म्हणजे सुरक्षित, गाठ म्हणजे जुनाट' असं जे कोणी सांगतं त्याच्याकडे दुर्लक्ष कर. आणि चढण्याआधी दुर्बिणीने घरटी बघ. दुर्बीण स्वस्त असते.

मग यंत्र घ्यायचंच कशाला? हातांसाठी. दिवसभरात पंचवीस वेळा फांदीच्या टोकाला जाऊन परत यायचं असेल तर यंत्र दर वेळी सारखंच सुटतं, सारखंच धरतं. गाठ सकाळी एक असते, दुपारी दुसरी. चाळिशीनंतर कोपर आणि मनगट हा फरक मोजून दाखवतात.

झिगझॅग हे फिरत्या दोरासाठीचं यंत्र आहे. नुसतं झिगझॅग एकेरी, स्थिर दोरावर, म्हणजे एक टोक पक्कं बांधलेल्या दोरावर, वापरायचं नाही. त्यासाठी वर शिकेन नावाचा जोडभाग लागतो, तो थोडं घर्षण स्वतःवर घेतो. हीच कल्पना गाठीच्या बाबतीत रोप रेंचमध्ये आहे. एकेरी दोरावर सगळं वजन एकाच पदरावर येतं, गाठ इतकी आवळते की सुटत नाही, किंवा सुटली तर भसकन सुटते. रेंच गाठीच्या वर दोराला किंचित वाकवतो आणि गाठीचा भार हलका करतो. केविन बिंगम या अमेरिकी झाडकाम्याने ते काढलं, आणि रोप रनरही त्याच्याच डोक्यातून आलेला. रोप रनर मुळातच दोन्ही पद्धतींवर चालतो. छान यंत्र आहे, पण दोराच्या बाबतीत नखरेल. एका दोरावर रेशीम, दुसऱ्यावर हट्टी बैल.

एकेरी दोराची पद्धत तुला कधी लागेल? पर्वरीच्या सोसायटीत उंच झाडं असतील, पहिली फांदी खूप वर, तेव्हा. पायाला एक चढणी (दोर दातांनी धरणारी पकड), गुडघ्याला एक, आणि जिना चढल्यासारखं वर. हातांनी ओढत गेलास तर वर पोचेपर्यंत कामाची ताकद संपलेली असते. पण त्यात एक मेख आहे. दोराचं टोक बुंध्याला बांधून दुसरं फांदीवरून खाली सोडलंस, तर फांदीवर तुझ्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. ८० किलोच्या माणसाचे १६० किलो. फांदी मांडीएवढी हवी, जिवंत हवी, बुंध्याजवळ हवी, आणि चढण्याआधी दोघांनी मिळून लटकून बघायची. वाळवीची मातीची रेघ दिसली तर दुसरी फांदी शोध. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, त्यात वाचलेल्या बऱ्याच झाडांच्या आत तडे राहून गेलेत. तेव्हा पिळवटलेली फांदी आज वरून हिरवीगार असू शकते.

पायाची, गुडघ्याची किंवा हाताची दातेरी चढणी हे फक्त चढायचं साधन आहे. तिच्या एकटीच्या भरवशावर लटकायचं नाही. झटका बसला तर ४ ते ६ किलोन्यूटनच्या (सुमारे ४०० ते ६०० किलोंच्या) भारालाच तिचे दात दोराची साल फाडू शकतात. मुख्य यंत्र किंवा गाठ दोरावर असतानाच ती जोडायची.

आता मित्राचा आय'डी. चांगली वस्तू, पण इमारतीसाठी घडलेली. इमारतीवर माणूस सरळ खाली उतरतो. झाडात तो आडवा फिरतो, फांदीवर चालत टोकाला जातो, परत येतो, आणि दर पावलाला ढिला दोर आत ओढावा लागतो. आय'डीमधून तो एका हाताने सहज ओढला जात नाही. ढिला दोर राहिला की घसरल्यावर लंबकासारखा खोडावर आदळशील. तेव्हा चढण्यासाठी नको. पण घे, नको म्हणू नकोस. तो बुंध्यापाशी लाव. एकेरी दोराचं खालचं टोक बुंध्याला गाठ मारून बांधण्यापेक्षा, बुंध्याला पट्टा घालून त्यावर आय'डी आणि आय'डीमधून दोर. वर तू हलेनासा झालास, तर खालचा माणूस न चढता तुला खाली सोडू शकतो, वाटेत फांदी आडवी येत नसेल तर. माझ्या मते या यंत्राचा झाडकामातला सगळ्यात मोठा उपयोग हाच. दोराची लांबी मात्र तशी हवी: फांदी २० मीटरवर असेल तर वर जायला २०, खाली यायला २०, आणि तुला सोडायला आणखी २०. म्हणजे ६० मीटर, वर गाठींसाठी थोडा जास्त. आणि बुंध्यापाशी कोयतावाल्याला फिरकू द्यायचं नाही. माझ्याकडच्या एका पोराने एकदा बुंध्याजवळची रानवेल साफ करताना माझ्या दोरापासून वीतभर अंतरावर कोयता मारला होता. तेव्हापासून खाली लाल कापड बांधतो.

इथे जाडीची अडचण येते, आणि तुझ्या खरेदीचा धागा इथेच आहे. लहान आकाराचा (एस) आय'डी १० ते ११.५ मिलिमीटरच्या दोरावर चालतो. झिगझॅग ११.५ ते १३ वर. दोन्ही वापरायचे तर ११.५ चा दोर, बाकी कुठलाच नाही. झाडकामाचे बरेच दोर ११.७ पासून १३ पर्यंतचे असतात, हाताला जाड बरे वाटतात, पण ते या आय'डीला नकोत. म्हणजे तू आधी दोर घेतलास तर यंत्र कोणतं हे अर्धं ठरलं, आणि आधी यंत्र घेतलंस तर दोर ठरला. यंत्राच्या अंगावर जाडी कोरलेली असते, ती वाच. दुकानदाराने 'होतं ओ सगळ्यावर' म्हटलं की तिथून नीघ.

आकडे जुळले म्हणजे जोडी जमली असंही नाही. नवा दोर गुळगुळीत असतो, महिनाभराने त्यावर लव येते. तुझं वजन ५५ किलो आणि जोडीदाराचं ८५ असेल तर तेच यंत्र दोघांशी वेगळं वागेल. हलक्या माणसाचं यंत्र पहिल्या दोन-तीन मीटरांत आपोआप वर सरकत नाही, कारण खाली लटकणाऱ्या दोराचं वजनच कमी असतं. तेव्हा खालच्याने दोर धरायचा.

आणि आपलं गोवा. बाहेरची परीक्षणं कोरड्या, थंड हवेत केलेली असतात. इथे जून ते सप्टेंबर दोर कोरडाच होत नाही. वादळात मोडलेल्या फांद्या मात्र याच दिवसांत काढाव्या लागतात. खोडावर शेवाळ, जमिनीवर जांभ्याची लाल माती, किनाऱ्याला खारा वारा. म्हणून कुठलंही यंत्र घेण्याआधी मी एक खेळ करतो, तो तूही कर. जमिनीपासून १ मीटरवर लटक. दोर कोरडा असताना यंत्रावर बस, सोड, थांब. दोरावर खडूने खूण कर आणि किती घसरलं ते टेपने मोज. मग दोर बादलीत भिजवून तेच. मग अंगणातल्या लाल चिखलातून ओढून तेच. गाठ ओली झाली की बहुतेक वेळा जास्त आवळते आणि सुटायला त्रास देते, काही यंत्रं उलट जास्त पळतात. तिन्ही वेळा जवळपास सारखं वागलं तरच घे. जानेवारीत आवडलेलं यंत्र जुलैत तुझंच असतं, परत देता येत नाही.

फणसाचा चीक हा तर कुठल्याच माहितीपुस्तकात नसलेला शत्रू. फणसाची फांदी कापली की चीक दोराला लागतो, दोरातून यंत्राच्या कड्यांत जातो, तिथे धूळ धरतो आणि दुसऱ्या दिवशी दांडा अर्ध्यावर अडकतो. आपली सवय अशी, की चीक लागला की खोबरेल. हाताला लाव, कोयत्याला लाव, दोराला आणि यंत्राला नको. तेलावर गाठ धरत नाही. फणसाच्या कामाला मी यंत्र घरी ठेवतो आणि गाठीवर जातो. चार दिवसांत दोरी खराब झाली तर झाली, ती बदलायला स्वस्त असते. यंत्रावर चढणाऱ्याने गाठ का विसरू नये, याचं उत्तर मला फणसाने दिलं.

संध्याकाळी यंत्र गोड्या पाण्यात धू, सावलीत वाळव. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड दिसू लागली तर खाऱ्या हवेने खायला सुरुवात केलीय असं समज. दोर गाडीत बॅटरीजवळ किंवा पेट्रोलच्या कॅनजवळ टाकू नकोस, आम्लाचा डाग दिसत नाही पण नायलॉन कुजवतो. पावसाळ्यात हार्नेस कपाटात कोंडलास तर बुरशी धरेल, वाऱ्यावर टांग.

माडाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुझ्या हॉटेलच्या कामात तेच जास्त असणार. वरची कुठलीच यंत्रपद्धत माडाला जशीच्या तशी लागू नाही. फांदी नाही, दोर अडकवायला जागा नाही, आणि झावळीचा देठ हा आधार नव्हे, दिसायला कितीही दणकट असो. तिथे खोडाभोवती आवळणारे दोन पट्टे, एक सरकवताना दुसरा धरलेला, हीच पद्धत. नारळ विकास मंडळाच्या 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' प्रशिक्षणात २०११ पासून जे पायाने चालवायचं चढणयंत्र शिकवतात ते नुसत्या पाडपासाठी ठीक, पण त्यावर उभं राहून शेंडा कापायचा विचार करू नकोस. बुटांना लावायचे लोखंडी काटे तोडायच्या माडालाच, जगवायच्या माडाला कधीच नाही. माडाच्या खोडाची जखम आंब्यासारखी भरून येत नाही, आणि सोंड्या भुंगा अशाच जखमेत अंडी घालतो. हॉटेलवाला माड तोडायला सांगेल तेव्हा आधी परवानगीचा कागद बघ. २०१६ साली माडाला १९८४ च्या वृक्ष कायद्यातून वगळलं होतं, पण २०१७ साली तो परत आत आलाय.

करवत हातात घेतलीस की दोन आधार हवेत, मुख्य दोर आणि पोलादी गाभ्याचा लॅनयार्ड. ताणलेल्या दोराला करवतीचं पातं नुसतं टेकलं तरी तो जातो. कोयता तर आपण स्वतःच्याच दिशेने फिरवतो. दोराच्या खालच्या टोकाला अडवणारी गाठ रोज मार, ती नसल्याने टोकातून सुटून पडलेली माणसं कमी नाहीत. वीज वाहिनी जवळ असेल तर वीज खात्याने लाइन बंद केल्याची खात्री होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. ओला दोर वीज वाहतो.

राहिलं मावसभावाचं झिगझॅग. वापरलेला दोर, हार्नेस, पट्टा फुकट दिला तरी घेऊ नकोस, कापडाचा इतिहास दिसत नाही. धातूचं यंत्र घेता येतं, पण झिगझॅगची पहिली आवृत्ती २०१३ साली कंपनीने परत बोलावली होती, आणि अशी एखादी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून असणं अशक्य नाही. मावसभावाला सांग, यंत्रावर कोरलेला अनुक्रमांक आणि उत्पादनाचं वर्ष दिसेल असा फोटो पाठव, आणि कड्यांच्या आतल्या बाजूचा एक, बॅटरीच्या उजेडात काढलेला. आत दोराने खोबण पाडली असेल, कडी बाजूला हलत असेल, किंवा अनुक्रमांक घासून गेला असेल, तर त्याला म्हणावं तिथेच राहू दे. सगळं ठीक निघालं तर घेऊन ठेव, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत पेटीतच.